केशरी बरणीतला चहा

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

'फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, त्यापेक्षा पत्र लिहीत जा,' असं तू बजावलंस म्हणून लिहायला बसले. पाण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन तुला चार वर्षं झाली, पण तुझे हुकूम काही निवृत्त झालेले दिसत नाहीत.

इकडचं नेहमीचंच. यांच्या अर्धांगाच्या झटक्याला परवा तीन वर्षं झाली. उजवं अंग तसंच आहे. तीस वर्षं वर्गात भूगोल शिकवलेला माणूस, पण आता दोनच शब्द उरलेत, 'बरं' आणि 'नको'. त्यातला 'नको' जास्त स्वच्छ येतो. सकाळी सात ते एक मी रुग्णालयाच्या धुलाईघरात असते, तेवढा वेळ एक बाई यांच्यापाशी बसते. रोज सहाशे चादरी माझ्या हाताखालून जातात. डाग राहिलाय का, कुठे विरलीय का, घडी सरळ आहे का. एक वाजता घरी आले की दुसरी पाळी सुरू. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, पुन्हा पलंगावर. काखेत हात घालायचे, तीन म्हणायचं आणि उचलायचं. दिवसातून सहा वेळा.

डॉक्टरांनी साफ सांगितलंय की तुमचे हात चालतात तोवर हे घरी राहतील. हात थकले तर शुश्रूषागृहात ठेवावं लागेल. ते मी पाहून आले. एका खोलीत आठ पलंग, आणि खिडकी इतकी उंच की पडल्या पडल्या आभाळाचा तुकडासुद्धा दिसत नाही. जन्मभर मुलांना नकाशे दाखवलेला माणूस तिथे काय बघेल? ताई, मला त्यांना तिथे ठेवायचं नाही. दुसरं काही मागणं नाही माझं.

पण हल्ली सकाळी उठते तीच थकलेली. आमच्याकडे इस्त्रीच्या यंत्रावर एक बाई आहे, तिला सगळे इस्त्रीबाईच म्हणतात. तिने मला आंबवलेल्या चहाचं विरजण दिलं. विरजण म्हणजे एक जाड, बुळबुळीत चकती. साखर घातलेल्या गार चहात ती सोडायची आणि आठ-दहा दिवस झाकून ठेवायचं. चहा आंबट होतो, जरासा फसफसतो. इस्त्रीबाई म्हणते, याने पोट सुधारतं, तरतरी येते, सांधे मोकळे होतात. तिच्या सासूचा स्वभावही सुधारला म्हणाली, पण ते म्हणताना हसली. मी प्लास्टिकच्या बादलीत लावलाय. तीन आठवडे रोज एक पेला घेतेय, आणि खरंच हलकं वाटतं. यांना चमचाभर दिला तर 'नको' म्हणून तोंड भिंतीकडे केलं.

तुझे गुडघे काय म्हणतात? लोभ आहे तसा असू दे, ओरडणं थोडं कमी केलंस तरी चालेल.

तुझी,
बारकी


१५ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघे माझ्याशी बोलत नाहीत, आम्ही एकमेकांना सहन करतो. तिसऱ्या मजल्यावर राहायची हौस माझीच होती, तेव्हा तक्रार कोणाकडे करू?

आता तुझ्या चहाचं. सासू सुधारली यावरूनच त्या गोष्टीचा पाया कळला. पण तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे, लहानपणीही 'कर' म्हटलं की तू करायची नाहीस आणि 'नको' म्हटलं की हमखास करायचीस. तेव्हा करायचंच असेल तर निदान नीट कर. हात साबणाने धू. तोंडाला स्वच्छ सुती कापड बांध. दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नको. वर बुरशी दिसली तर चकतीसकट ओतून दे, खरवडून वापरायची नाही. दिवसाला एक लहान पेला, त्याहून थेंब जास्त नाही. मास्तरांना मुळीच देऊ नको. आजारी माणसावर प्रयोग करायचे नसतात. ते 'नको' म्हणाले, म्हणजे तुमच्या घरात एकाला तरी अक्कल आहे.

आणि प्लास्टिकची बादली? आंबट पदार्थ भांड्याला खातो, हे मी तुला शाळेत असताना लिंबू आणि खडू घेऊन दाखवलं होतं. आजच्या आज बदल. धातूचं भांडंही चालणार नाही. काचेची मोठी बरणी आणशील तर आठवड्यात फोडशील, तुझे हात मला माहीत आहेत. आईची ती केशरी बरणी तुझ्याकडे आहे ना, पक्ष्यांची नक्षी असलेली? ती घे. आतून-बाहेरून झिलई आहे, म्हणजे काचेसारखीच. आठ लिटर सहज मावेल. नुसती कपाटावर ठेवून तिचं काय करणार आहेस?

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पेला उभ्याने ढोसायचा नाही. चार वाजता मागच्या पायरीवर जाऊन दहा मिनिटं बसायचं. मास्तर दहा मिनिटं कुठे पळून जात नाहीत.

आंबटपणा मोजायच्या पट्ट्या सोबत पाठवते आहे. दर वेळी बुडवून रंग कळव.

माया आहे, ती दाखवायला मला वेळ लागतो, एवढं समजून घे.

ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकमाप्रमाणे सगळं केलं. केशरी बरणी कपाटावरून उतरवली, आतली आईची बटणं डब्यात काढली, बरणी उकळत्या पाण्याने दोनदा धुतली. आता ती ओट्याखालच्या फळीवर बसलीय, आणि स्वयंपाकघरात कोणी पाहुणी आल्यासारखं वाटतं. इतकी सुंदर वस्तू आपण उगाच इतकी वर्षं वर ठेवली.

पट्टीचा रंग लालसर केशरी येतो, म्हणजे तुझ्या तक्त्याप्रमाणे चांगलाच आंबट. पण गंमत अशी की जिभेला आता तो आंबट लागत नाही. बादलीतला चहा जबडा आकसून टाकायचा, हा गोडसर लागतो, घशाखाली छान उतरतो. इस्त्रीबाईला चाखायला दिला तर म्हणाली, तुझ्या हाताला माझ्यापेक्षा गुण आहे.

पायरीवर बसते. ते मात्र तू छान सांगितलंस. समोर भिंत आहे, भिंतीवर एक मांजर येतं, ते माझ्याकडे बघतं आणि मी त्याच्याकडे. दहा मिनिटं मला कोणी हाक मारत नाही. दिवसातली तेवढीच माझी.

थकवा आहेच, मध्ये कमी झाला होता तो पुन्हा वाढलाय. म्हणून हल्ली दोन पेले घेते. ओरडू नको.

ताई, आईचं नाव काढलं की मला हल्ली उगाच भरून येतं. म्हातारी झाले वाटतं.

आठवण ठेवतेसच, ती पत्रातूनही पाठवत जा.

बारकी


९ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

ओरडत नाही, लिहिते. एक पेला म्हणजे एक.

पट्टी आंबट म्हणते आणि जीभ गोड म्हणते, तर पट्टीवर विश्वास ठेव. साखर अंदाजाने ओतली असशील. उद्यापासून मोजून घाल.

मी परवा ग्रंथालयात जाऊन तीन तास या चहाबद्दल वाचलं. जिने चढायचे होते, ते तुझ्या नावावर मांडून ठेवले आहेत. फायद्यांची यादी हातभर लांब आहे. पचन, रक्तातली साखर, यकृत, रोगाशी झुंजायची ताकद, काय काय. पण खाली बारीक अक्षरात बघावं तर प्रयोग उंदरांवर, नाहीतर काचेच्या नळ्यांत. माणसांवर म्हणावेत असे अगदी थोडे, आणि त्यांतली माणसंही मूठभर. त्यांतून काही आशा वाटते असं लिहिणारे प्रामाणिक लोक पुढच्या वाक्यात 'अजून खात्री नाही' असंही लिहितात. तुझी इस्त्रीबाई ते पुढचं वाक्य वाचत नाही.

तेव्हा चहा पी, पण त्याच्या भरवशावर थकवा सोडू नको. डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे. बावन्नाव्या वर्षी दिवसातून सहा वेळा पुरुष उचलणाऱ्या बाईला थकवा येणारच, पण कारण माहीत असलेलं बरं.

आणि म्हातारी तू नव्हेस, मी आहे. तो मान माझा आहे.

ताई


२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही. पेन धरायचा कंटाळा येतो. खरं तर कशाचाही येतो.

डॉक्टरकडे गेले. रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. पोटात कळा येतात ते सांगितलं, चार-चार दिवस पोट साफ होत नाही तेही सांगितलं. म्हणाले वय झालं, काम जास्त आहे, झोप घ्या. झोप कुठे मिळते ते विचारायला हवं होतं. डोकं सतत धरलेलं असतं. परवा धुलाईघरात पन्नासाच्या गठ्ठ्यात एकदा सत्तेचाळीस आणि एकदा त्रेपन्न बांधल्या. मुख्य बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की चादरी मोजायला येत नसतील तर उशा मोजा. मी हसले आणि मग कपड्यांच्या खोलीत जाऊन रडले.

यांच्यावर खेकसते, ते सगळ्यात वाईट. काल म्हणाले 'नको', तर मी म्हटलं की तुम्हाला दुसरा शब्द येत नाही का. किती वेळ माझ्याकडे बघत राहिले.

चहा मात्र चालू आहे. आता तीन पेले. तो पोटात गेला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तो नसता तर मी एव्हाना आडवी झाले असते, असं मला अगदी वाटतं.

तुझी,
बारकी


२७ मे

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून काळजी वाटली. ओळी उताराला लागल्या आहेत.

एक काम कर. प्रयोगशाळेत काही बिघडलं की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत असू. सगळं एकदम बदललं तर दोष कशाचा ते कधीच कळत नाही. तू फक्त चहा बंद कर. पूर्ण एक महिना, थेंबही नाही. गोळ्या, जेवण, काम सगळं तसंच ठेव. मग कळव. बरं वाटलं तर चहा दोषी. नाही वाटलं तर मी त्याची माफी मागेन आणि दुसरीकडे शोधू.

मास्तरांना माझ्या वतीने सांग की बारकीला दुसरा शब्द येत नाही, तिला माफ करा.

ताई


१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितल्याप्रमाणे महिनाभर चहा बंद केला. काही फरक नाही. उलट जास्तच थकते. तेव्हा दोष चहाचा नाही.

जास्त लिहीत नाही, हात दुखतो.

बारकी


२२ जुलै

चि. बारकीस,
आशीर्वाद.

ठीक. चहा निर्दोष. शब्द दिल्याप्रमाणे त्याची माफी मागते. हवा तर पुन्हा सुरू कर, त्या दहा मिनिटांसाठी तरी.

आता कडू बोलते. तू चहाने थकलेली नाहीस, मास्तरांनी थकली आहेस. साडेतीन वर्षं झाली. तुझे हात लोखंडाचे नाहीत. शुश्रूषागृहाचा अर्ज आणून ठेव. भरू नको, नुसता आणून ठेव. मला तुझ्यावर रागवायचं नाही, पण तू पडलीस तर दोघंही पडाल.

हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, वाचून मग फाड.

ताई


६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. आम्ही दोघंही पडलो.

काल दुपारी तीनच्या सुमाराला यांना खुर्चीतून उठवत होते. तीन म्हटलं, उचललं, आणि माझं उजवं मनगट सुटलं. दुखलं नाही, नुसतं गळून गेलं, कपड्याचं असल्यासारखं. हे माझ्या अंगावरून घसरत खाली आले आणि मी त्यांच्याबरोबर. लागलं कोणालाच नाही. मी त्यांना तीनदा उचलायला गेले आणि तिन्ही वेळा ते 'नको' म्हणाले. मग मीही सोडून दिलं. ओट्याच्या कपाटाला पाठ लावून आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिलो, शेजारी शेजारी. पाच वाजता शेजारीण चिमटे मागायला आली तोवर. चार वाजता पायरीवर बसायचं राहिलं, एवढंच मनात येत होतं. बघ, माणूस कशाचा विचार करतं.

अर्ज भरलाय. शुक्रवारी येतो म्हणालेत न्यायला. यांना सांगितलं. 'बरं' म्हणाले. 'नको' म्हणायला हवं होतं ना? असं चुकीच्या वेळी 'बरं' म्हणू नये माणसाने.

आणि एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे सुटेन. मी जुलैमध्ये तुला खोटं लिहिलं. चहा मी एक दिवससुद्धा बंद केला नाही. तू बंद करायला लावशील, मग ती दहा मिनिटंही जातील, असं वाटलं. तू माफीसुद्धा मागितलीस त्या चहाची. मला शरम वाटली, पण पिणं थांबलं नाही.

फरशीवर बसले होते तेव्हा केशरी बरणी बरोबर डोळ्यांसमोर होती. मला लहानपणीचं आठवलं. तू तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होतीस, तुला माहीत नसेल. मी एकदा त्या बरणीत बटणांवर माझ्या पेपरमिंटच्या गोळ्या लपवल्या होत्या. आईला सापडल्या. तिने सगळ्या फेकून दिल्या आणि आयुष्यात एकदाच मला थोबाडीत मारली. म्हणाली, ही बरणी बटणांची. हिच्यात खायची वस्तू कधी ठेवायची नाही. विकणाऱ्या माणसाने तिला तसं बजावून दिली होती म्हणे. मला तेव्हा वाटलं, छान वस्तू आहे, आई जपते. काल वाटलं, तिच्या बटणांच्या बरणीत मी चहा भरलाय, तिला काय वाटत असेल.

काय काय सुचतं थकल्यावर. रागावू नकोस, किंवा रागाव, पण लिही.

बारकी


९ ऑगस्ट

चि. बारकीस,

आशीर्वाद नंतर.

सकाळी तुझं पत्र आलं आणि मी फोन केला. फोनवर मी नुसती ओरडले आणि तुला काही समजलं नसणार, म्हणून नीट लिहिते.

त्या बरणीतला एक थेंबही आता पिऊ नको. चहा फेकूही नको. काचेच्या बाटलीत भर, घट्ट बूच लाव, तारीख लिही. आजच्या आज रुग्णालयात जा आणि रक्तातलं शिसं तपासायला सांग. 'शिसं' हा शब्द उच्चारायचा, ते हसले तरी उच्चारायचा. बरणीची गोष्ट सांग. इस्त्रीबाई जेवढा प्यायली असेल तेवढ्यासाठी तिलाही सांग.

जुन्या भडक रंगाच्या झिलईत शिसं असू शकतं. कोरडी बटणं ठेवली तर त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण आंबट चहा दहा-दहा दिवस त्यात राहिला की तो ते शिसं ओढून घेतो. चव गोडसर होते. पोटात कळा येतात, पोट साफ होत नाही, रक्त कमी होतं, डोकं दुखतं, माणूस चिडतं, आणि शेवटी मनगट गळतं. हे सगळं तू मला एकेक करून लिहिलंस. पट्टी आंबट म्हणते आणि जीभ गोड म्हणते, हेसुद्धा लिहिलंस. मी उत्तर दिलं की साखर मोजून घाल.

एकतीस वर्षं मी लोकांच्या पाण्यात शिसं शोधलं, बारके. नमुना आला की सही करायच्या आधी तो कोणत्या भांड्यात आणलाय ते मी विचारत असे. हाताखालच्या मुली कंटाळायच्या. आणि तुझं भांडं मी स्वतः निवडून दिलं. आंबट पदार्थ भांड्याला खातो, हे वाक्य लिहून त्याच्या खाली निवडून दिलं.

तू खोटं बोललीस ते मला लागलं. पण तू खरं बोलली असतीस तरी बरणी मी सांगितली होती, हे बदललं नसतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. जिन्यावरून कशी उतरणार ते विचारू नको. मास्तरांना आत्ता शुश्रूषागृहात जाऊ दे. तू बरी होईपर्यंत ते तिथे राहतील, कायमचे नाही. मी तसं त्यांच्या कागदावर लिहून घेणार आहे.

ताई


१८ सप्टेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. महिनाभर तुझ्या पलंगावर झोपून कळलं की तो मधोमध खचलेला आहे. बदल.

तुझ्या चहाचा नमुना मी तुझ्याकडे आल्या आल्या टपालाने माझ्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवाल आला. पिण्याच्या पाण्यात जेवढं शिसं चालेल, त्याच्या शेकडो पट आहे. सही जिची आहे तिला मीच शिकवलं होतं. तिने फोन करून विचारलं की बाई, हा नमुना कोणत्या भांड्यातला. मी सांगितलं.

औषध चुकवू नको. शिसं शरीरातून निघायला वेळ लागतो, घाई करून उपयोग नाही. दोन्ही हात समोर सरळ धर, मनगटं वर कर, आणि किती आकडे मोजेपर्यंत टिकतात ते रोज लिहून ठेव. मी निघाले तेव्हा उजवं बारा आकड्यांवर पडत होतं.

मास्तरांना निघताना भेटून आले. तिथली मुख्य परिचारिका माझ्यासारखीच आहे, त्यामुळे आमचं भांडण छान झालं. त्यांचा पलंग दाराजवळ हलवून घेतला, आता निदान अंगणातलं झाड दिसतं. मी त्यांना रोज भरवत होते, पण एकदाही त्यांच्या डोळ्यांत बघायचं धाडस झालं नाही. काल सांगितलं सगळं. बरणी मी सांगितली, हेही. ऐकून घेतलं. मग माझा चष्मा पुसून द्यायला हात पुढे केला, डावा. तो चष्मा त्यांना एका हाताने पुसता आला नाही, पण मी थांबले.

बरणी धुऊन, पुसून, आईची बटणं परत भरून कपाटावर ठेवली आहे. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे ती काढू नको.

एक मागणं आहे. माझं जानेवारीतलं पत्र परत पाठव. मला माझं वाक्य जसंच्या तसं वाचायचं आहे. चूक कोणत्या शब्दांत केली ते माणसाला माहीत असावं.

तुला मी कमी पडले. ते मनात ठेवलंस तरी माझ्यावर जीव ठेव.

ताई


५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल उजवं मनगट ऐंशी आकडे टिकलं. डावं शंभरावर कंटाळून मीच खाली घेतलं. रक्तातलं शिसं निम्म्याच्या खाली आलंय. पोट शहाण्यासारखं वागतं. थकवा आहे, पण हा ओळखीचा आहे, कामाचा. धुलाईघरात सोमवारपासून जाते. मुख्य बाईंनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या की बसून मोजा. इस्त्रीबाईचं रक्त ठीक निघालं. तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, चहा माझा, बरणी तुझी, आपण दोघी मिळून अर्धा-अर्धा खून केला असता. तिचा चहा काचेतला आहे, तो चालूच आहे. तिची सासू म्हणे पुन्हा बिघडली.

काल शुश्रूषागृहात परिचारिकेसमोर यांना उचललं. तिने पोटाला बांधायचा एक पट्टा दिलाय, त्याने कमरेवर भार कमी येतो. तीन वर्षं हे कोणी सांगितलं नाही. तीन म्हटलं, उचललं, खुर्चीत बसवलं. हात सुटले नाहीत. मी म्हटलं, गुरुवारी घरी जायचं ना. 'बरं' म्हणाले. या वेळी ते बरोबर वेळेला आलं.

तुझी चिठ्ठी वाचली. 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत', खाली तारीख, खाली पूर्ण सही. आईने एकदा थोबाडीत देऊन सांगितलं ते तू लिहून ठेवलंस. दोघींची पद्धत वेगळी.

पत्र मात्र देणार नाही. ते मी बरणीत ठेवलंय, बटणांच्या खाली. वाईट मानू नको, शिक्षा म्हणून ठेवलेलं नाही. त्या पत्रात बरणीचं एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं बरोबर होतं. हात धू, कापड बांध, एकच पेला, यांना देऊ नको, दहा मिनिटं बस. यांना देऊ नको असं तू लिहिलं नसतंस तर, ताई, मी दिलाच असता. हे 'नको' म्हणत राहिले असते आणि मी चमच्याने भरवला असता. तुला तेवढं ते एक वाक्य वाचायचंय, म्हणून पत्र देत नाही.

आता एकदाचं सांग. तू इतकं वाचलंस, मी इतका प्याले. त्या आंबवलेल्या चहाचा माणसाला काही फायदा होतो की नाही?

तू आहेस म्हणून मला ओरडून घ्यायला कोणी आहे. तशीच राहा.

तुझी,
बारकी


१० ऑक्टोबर

चि. बारकीस,
आशीर्वाद.

पत्र तुझ्याकडेच राहू दे.

तू विचारलंस त्याचं उत्तर, मला माहीत नाही. एकतीस वर्षांत हे मी एकाही अहवालावर लिहिलं नाही, तुला या कार्डावर लिहिते.

काचेची मोठी बरणी वेगळ्या खोक्यात पाठवली आहे. फोडशील असं म्हणणार नाही. तिच्यात काय घालायचं ते तू ठरव. नाही घातलंस तरी चार वाजता पायरीवर बस. गुरुवारपासून मास्तरांची खुर्चीही दारात आण, मांजर त्यांनाही बघू दे.

आणि ते 'नको' म्हणाले तर पहिल्या वेळेला ऐकत जा.

ताई